शंभर मीटरला तीन कमी

माझे बाबा चौथी शिकलेले. धंदा विचारला तर ते शेती सांगतात, पण एडवणच्या आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं येतं ते आखणीसाठी. कुणाला नवी वाडी लावायची असली, नारळाची किंवा चिकूची, तर खड्डे खणायच्या आधी बाबांना निरोप जातो. ते दोर आणि खुंट्या घेऊन जातात आणि मोकळ्या जमिनीवर एकेका झाडाची जागा चुन्याने दाखवून येतात. चार वर्षांनी त्या वाडीत कुठेही उभं राहून बघा. आडवी, उभी, तिरकी, कुठूनही झाडं एका रांगेत दिसतात.

त्यांचा दोर सुती आहे, करंगळीएवढा जाड. ठरावीक अंतरावर गाठी, आणि गाठीत अडकवलेल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर खुंट्या धरायला जायची. जागेचा मालक सकाळीच येऊन उभा असायचा. बाबा मात्र दोर कुंपणावर उन्हात पसरायचे आणि बांधावर बसून राहायचे.

"अरे, कदी लागनार कामाला? ऊन डोक्यावर आलं."

"दोर उठला नाय अजून," बाबा म्हणायचे.

मग मालकाच्या घरून चहा यायचा. बाबा तो बशीत ओतून सावकाश प्यायचे, माझ्यापुढेही बशी सरकवायचे, आणि चहा संपल्यावर कधीतरी उठून दोर हातात घेऊन चोळून बघायचे. मला वाटायचं, हा चहाचा बहाणा आहे. मनात हसू यायचं आणि थोडा अभिमानही वाटायचा, की आपला बाप एवढ्या मोठ्या जागेच्या मालकाला ताटकळत ठेवतो. कितीतरी वर्षं मी असंच समजत होते.

बारावीनंतर मी पालघरला कॉलेजात गेले आणि पदवीधर झाले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत मी खो-खो खेळायची. कॉलेजातल्या एका मॅडमनी सांगितलं, बी.पी.एड. कर, शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होशील. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"म्हंजे पंधरा वर्सं शिकलीस, आनि आता परत खेळायला चाललीस," ती म्हणाली.

"खेळायला नाही, शिकवायला."

"खेळ शिकवावा लागतो?" तिने खरंच विचारलं होतं. तिच्या लहानपणी कुणी तिला खेळ शिकवला नव्हता, आणि खेळायला वेळही दिला नव्हता. बाबा म्हणाले, "जाऊ दे तिला. शाळेत उन्हात उभं राहायचं काम हाय, तिला सवय हाय."

पण बी.पी.एड.च्या कॉलेजात गेल्यावर कळलं की उन्हात उभं राहणं हा त्यातला अगदी थोडा भाग. आम्हाला हाडांची नावं पाठ करावी लागत. एकमेकींच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजावी लागे. घोट्याला पट्टी कशी बांधायची, मुलाचं नाक फुटलं तर त्याला कसं बसवायचं, वजन-उंची आरोग्यपत्रकात कशी भरायची, नखं आणि दात तपासताना मुलाला लाज वाटू नये म्हणून काय बोलायचं, हे सगळं शिकवत. एका पाठाचं टाचण लिहायला मला सुरुवातीला तीन तास लागायचे. शहरातल्या मुली पटापट लिहायच्या. मी मागच्या बाकावर बसून त्यांच्या वहीकडे बघायची. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्याला वर्गात सतत असं वाटत असतं, की पुस्तकातलं सगळं दुसऱ्यांच्या घरचं आहे आणि आपण ते उसनं घेतोय.

मग एक दिवस मैदान आखणीचा तास आला. सरांनी फळ्यावर काटकोन काढला आणि विचारलं, गुण्या नसताना मैदानाचा कोपरा बरोबर काटकोनात कसा आणाल? माझा हात कधी वर गेला मला कळलंच नाही. मी म्हटलं, दोराला एका बाजूने तीन हात, दुसऱ्या बाजूने चार हात मोजायचे, आणि तिरकं पाच हात आलं की कोपरा बरोबर. सर म्हणाले, "कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही सर. बाबा करतात."

वर्गातल्या मुली वळून बघायला लागल्या. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी उगाचच हसत होते. घरी जाऊन बाबांना सांगितलं, तुमचं पुस्तकात आहे. ते म्हणाले, "कुनी घातलं?" आणि दोर गुंडाळायला लागले. पण रात्री जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "चित्र बी हाय काय त्यात?"

एवढं सांगायचं कारण, पुढे जी चूक झाली ती या अभिमानातूनच झाली.

दुसऱ्या वर्षी आमची आंतरवासिता होती. म्हणजे काही महिने खऱ्या शाळेत जाऊन तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली शिकवायचं. मला बोईसरची एक शाळा मिळाली. रोज एडवणहून जाऊन-येऊन करणं जमणार नव्हतं, म्हणून मी एका वर्गमैत्रिणीबरोबर तिथेच भाड्याची खोली घेतली. शाळेतली निम्मी मुलं कारखान्यांत काम करणाऱ्यांची. घरी हिंदी, शाळेत मराठी, आणि मैदानावर दोन्हीची खिचडी. वाऱ्याची दिशा फिरली की कारखान्यांचा वास यायचा. मी नाकाला रुमाल लावायची आणि मुलं मला हसायची.

तिथले क्रीडाशिक्षक निवृत्तीला आलेले होते. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, खिशात खडू. आमच्या आंतरवासितेचा शेरा त्यांच्या हातात होता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, कॉलेजात शिकलेलं विसरू नका, पण मैदानावर आठवतही बसू नका." ते काही लागेल असं बोलले, तरी त्यांच्या डोळ्यांत राग नसायचा.

आणि आठवीत एक मुलगी होती. तिचे वडील रंगाच्या कारखान्यात पाळीवर जायचे. ती अनवाणी पळायची, कारण बूट घातले की पाय जड होतात असं तिचं म्हणणं. पळताना तिचे हात नीट पडत नव्हते, मान मागे जायची, पण तिला पळताना बघितलं की हातातलं काम थांबायचं. मी तिला रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास शिकवायला लागले. एक दिवस ती म्हणाली, "टीचर, उद्यापासून नाय येणार. पप्पा बोलले, छोट्या भावाला सांभाळ."

मी तिच्या वडिलांना भेटले. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. ते हात जोडून बोलत होते, त्यामुळे मलाच अवघडल्यासारखं झालं. "मॅडम, दौड़ने से क्या होगा? हाँ, स्कूल इसको जिल्हे में भेजेगा तो ठीक, फिर दौड़े. नहीं तो स्कूल छूटते ही घर."

जिल्ह्याच्या निवड चाचणीला शाळेतून नाव पाठवायचं तर शाळेच्या क्रीडादिनी शंभर मीटर चौदा सेकंदांच्या आत पळालेलं असावं लागे, आणि क्रीडाशिक्षकांनी तशी सही करावी लागे. म्हणजे तिचं सगळं त्या एका धावण्यावर येऊन थांबलं. आणि क्रीडादिनाचं मैदान आखायचं काम सरांनी मला दिलं.

शाळेची मोजपट्टी पहिल्या काही मीटरांतच फाटलेली होती. मी कॉलेजातली लोखंडी टेप शनिवारी एका दिवसासाठी मागून आणली, सोमवारी ती दुसऱ्या गटाला द्यायची होती. ती घेऊन मी घरी गेले. बाबा नातेवाइकांकडे उत्तरकार्याला गेले होते. दोर पडवीत खुंटीला होता. मी दुपारी अंगणात दोर ताणला, शेजारी टेप ताणली, आणि बरोबर पंचवीस मीटरवर लाल चिंधी बांधली. चार वेळा दोर टाकला की शंभर मीटर.

"बाबांना इचारलंस?" आई म्हणाली.

"तू सांग त्यांना."

खरं म्हणजे मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांच्या दोराने आखलेल्या मैदानावर शाळा पळणार होती. झाल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

क्रीडादिनाच्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण पहाटेच मैदानावर गेलो. शाळेपासून जरा लांब, गवताळ मोकळी जागा होती ती. थंडीचे दिवस. गवत इतकं ओलं होतं की आमच्या सलवारी गुडघ्यापर्यंत भिजल्या. दोर गवतावरून ओढत आम्ही चार वेळा टाकला, खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की मारली. ऊन आलं तेव्हा पांढऱ्या रेषा अशा दिसत होत्या की सर टोपी काढून बघत राहिले. "बाई, कुणाकडून शिकलात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमच्या वडिलांनाच नोकरीला घ्यायला हवं."

नऊ वाजता ती मुलगी पळाली. सर शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. साडेतेरा सेकंद. मुलांनी तिला उचलून घेतलं. तिचे वडील रात्रपाळीवरून थेट आले होते, डबा हातातच होता. ते नुसते डब्याच्या कडीशी चाळा करत उभे राहिले.

दुपारी सगळं आवरल्यावर मी दोर गोळा करायला गेले. तो तासन्‌तास उन्हात पडला होता. उद्याच्या लंगडीच्या मैदानासाठी एक माप घ्यायचं म्हणून मी तो सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत टाकला. लाल चिंधी खुंटीच्या पुढे गेली. जवळजवळ एक पाऊल. मला वाटलं दोर तिरका पडला. सरळ करून पुन्हा टाकला. पुन्हा तेवढीच पुढे. दुसऱ्या खुंटीलाही तसंच, तिसरीलाही. खुंट्या पक्क्या होत्या. फक्की जागची हलत नाही.

मी गवतावर बसले. दोर हातात घेतला. तो मऊ, कोरडा, गरम लागत होता. पहाटे तो दहिवराने भिजून आखडलेला, कडक होता; आता उठला होता. आणि तेव्हा मला बांधावर बसलेले बाबा दिसले, बशीतून चहा पिताना.

शंभर मीटरला तीन मीटर कमी पडले होते. पहिली आलेली मुलगी पहिलीच होती, सगळ्या जणी तेवढ्याच पळाल्या होत्या. पण घड्याळाला ते ठाऊक नव्हतं. आणि चौदाची अट घड्याळावर होती.

सर शाळेच्या पायरीवर बसून निकालाचे कागद लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन बंद केलं.

"किती कमी?"

"तीन मीटर. थोडं कमी-जास्त."

"मैदान मोजायला कुणी येणार नाही, बाई."

मी दोर त्यांच्यासमोर पायरीवर ठेवला.

"मला तुमच्या शेऱ्यात लिहावं लागेल."

"लिहा सर."

"आणि तिचं नाव अडकेल."

हे मात्र मला सहन होईना. मी रडले नाही, पायरीवरच खाली बसले. त्यांनी निकालाचे कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तिला सांगितलंत?"

"नाही."

"आधी तिला सांगा. तिची धाव आहे. मग माझ्याकडे या. मी अजून काही ऐकलेलं नाही."

ती नळावर पाय धूत होती. गळ्यात पदक तसंच. मी सांगितलं की माझी चूक झाली, दोर ओला होता, ओला दोर आखूड होतो, म्हणून तू शंभर नाही, सत्त्याण्णव पळालीस. तिने नळ बंद केला.

"म्हणजे तीन मीटर बाकी हाय?"

"हो."

"मग ते आत्ता पळते."

मी हसले आणि मग खरंच रडले. तिला कळेना काय झालं. "टीचर, तीनच तर आहे," ती मला समजावत होती.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. कधी नव्हे ती भीती वाटत होती. मी सगळं सांगून टाकलं.

"किती वाजता टाकलास दोर?"

"सहाला."

"दहिवरात?"

"हो."

"उन्हात घातला नव्हतास?"

"नाही."

"बाय, मला वाटलं तुला ठाव हाय. एवड्या वेळा माज्याजवळ बसलीस."

"मला वाटायचं, तुम्ही चहासाठी थांबता."

मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी आईला हाक मारली, "ऐकलंस काय, हिला वाटायचं मी चहासाटी थांबतो." आईचा आवाज लांबून आला, "मला बी तसंच वाटतं." हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "तुज्या सरांना सांग, रविवारी मी येतो. दोराचं नाव खराब नको."

मी सरांना पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, क्रीडादिनाचा निकाल अजून पाठवलेला नाही, रविवारी ती पुन्हा पळेल तीच वेळ धरू, आणि त्यांनी कॉलेजातून टेप मागवली. रविवारी बाबा पहिल्या एसटीने निघून पालघरमार्गे बोईसरला आले, धुतलेला सदरा घालून. माझ्या कुठल्याच शाळा-कॉलेजात ते आत आले नव्हते. दाखल्याच्या वेळीसुद्धा फाटकाशी थांबायचे. त्या दिवशी मात्र ते सरळ मैदानात गेले, कारण ती जमीन होती, आणि जमिनीवर ते कुणाला बिचकत नाहीत. त्यांनी दोर कुंपणावर पसरला आणि खाली बसले. सर आले, ती मुलगी आली, तिचे वडील आले. ऊन वर चढलं. सर घड्याळ बघायला लागले.

"काका, सुरू करायचं?"

"दोर उठला नाय अजून," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी टपरीवरून पाच चहा सांगितले.

चहा झाल्यावर त्यांनी दोर चोळला आणि उठले. टेप आणि दोर शेजारीशेजारी ताणले. पंचवीस मीटरला लाल चिंधी अंगठ्याच्या नखाएवढी पुढेमागे. सर वाकून बघत राहिले. "काका, हा तर टेपला लाज आणतो."

"ती लोखंडाची हाय. तिला बिचारीला ऊनपान्याचं काय कळतं," बाबा म्हणाले.

नवे शंभर मीटर आखून झाले. मग बाबांनी त्या मुलीला जवळ बोलावलं. म्हणाले, "पोरी, दोर ओला होतो, टेप फाटते. आपलं पाऊल आखूड होत नाय. चल, मोज." दोघं सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत चालत गेले, तो म्हातारा माणूस मराठीत मोजत आणि ती हिंदीत. तिची पावलं एकशे बावन्न भरली. परत येताना पुन्हा मोजली, पुन्हा एकशे बावन्न. "हे ध्यानात ठेव," बाबा म्हणाले.

मग ती पळाली. एकटीच. शेजारी कुणी नसताना पळणं कठीण असतं, वेग कळत नाही. मी शेवटच्या रेषेच्या पलीकडे उभी राहिले, तिला थांबायची जागा दिसावी म्हणून. ती माझ्या अंगावर येऊन थांबली तेव्हा तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती. आम्ही दोघी सरांकडे बघत होतो. ते घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते.

"तेरा," ते म्हणाले, आणि थांबले. "तेरा, नऊ."

तिच्या वडिलांनी विचारलं, "पास?" सरांनी मान डोलावली. वडिलांनी पाळीचा डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. बाबांना हिंदी फार येत नाही. ते नुसतं "हां, हां" म्हणत राहिले.

माझ्या शेऱ्यात सरांनी तीन छोटी वाक्यं लिहिली. मैदान आखण्यात चूक केली. स्वतः सांगितली. पुन्हा आखले. त्या रकान्यात मला गुण कमीच मिळाले. तो कागद मी जपून ठेवला आहे, पदवीच्या कागदाच्या खाली.

निवड चाचणीच्या दिवशी माझा कॉलेजात पेपर होता, मला जाता आलं नाही. सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा ती फाटकाशीच उभी होती.

"कितवा नंबर आला?"

"सहावा," ती म्हणाली. चेहरा अजिबात पडलेला नव्हता. "पप्पा बोलले, अगले साल भी जा."

"छान. मग आज संध्याकाळी ये. हात नीट पडत नाहीत तुझे अजून."

ती मान हलवून निघाली, दोन पावलं गेली आणि परत आली. "टीचर, ते मैदान बराबर होतं. एकशे बावन्न. पळायच्या आधी मी चालून बघितलं. सब हंस रहे थे."

"मग?"

"तिकडच्या सरांनी विचारलं, ये क्या कर रही है. मी बोलले, सुबह का मैदान है सर, देखना पड़ता है."